केळस्करांची खात्री

केळस्करांनी आमच्या दाराची बेल पहिल्यांदा वाजवली तेव्हा मी दार उघडलं, तर ते म्हणाले, "एक मिनिट वहिनी, दार लावून घ्या जरा." मी लावलं. त्यांनी पुन्हा बेल वाजवली, मी पुन्हा उघडलं. "आत नीट ऐकू येते ना? मला बाहेर काही ऐकू आलं नाही, म्हणून म्हटलं खात्री करावी." अहो, मी दार उघडलं म्हणजे ऐकू आली ना! पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. समोरच्या घरात दोनच दिवसांपूर्वी राहायला आलेला हा माणूस वाटीभर साखर मागायला आला होता, आणि वाटी हातात घेतल्यावर जाण्याआधी त्याने बोट बुडवून चाखून पाहिली.

हे ह्यूस्टनशेजारचं शुगर लँड. गावाच्या नावातच साखर, मी या माणसाला मीठ कशाला देऊ? पण केळस्करांचं सगळं असंच. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात एक छोटी टेप, एक पांढरा खडू आणि चार घड्या घातलेला कागद. एका तेल कंपनीत पंपांच्या विभागात इंजिनिअर होते. अमेरिकेला येण्यापूर्वी सांगलीकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये चार वर्षं मोटारगाड्यांचा विषय शिकवत होते. हे ते प्रत्येकाला पहिल्या भेटीतच सांगायचे आणि वर म्हणायचे, "चार वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. मुलं 'समजलं सर' म्हणतात ना, तेव्हा काही समजलेलं नसतं."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "विश्वास आहे हो, पण खात्री नाही." बँकेतल्या मुलीपासून डेंटिस्टपर्यंत सगळ्यांना ते हेच इंग्रजीत ऐकवायचे, "आय ट्रस्ट यू, बट आय ॲम नॉट शुअर," आणि समोरच्याचा चेहरा का पडला हे त्यांना कळायचं नाही. मराठीत हे वाक्य निदान खपून जातं. इंग्रजीत सरळ शिवी वाटते. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो केळस्कर, खात्री झाल्यावर मग विश्वास लागतो कशाला?" त्यांनी खरंच विचार केला. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मग विश्वास कॅन्सल."

पेट्रोलच्या पंपावर ते एक गॅलनचा पत्र्याचा डबा घेऊन जायचे. आधी डब्यात एक गॅलन भरून घ्यायचा, पंपाचा आकडा बघायचा, मग तो डबा गाडीत ओतायचा आणि त्यानंतर उरलेलं पेट्रोल भरायचं. मागे गाड्यांची रांग, ह्यूस्टनचा तो चिकट उकाडा, लोक हॉर्न मारतायत, आणि हे आपले डबा डोळ्यासमोर धरून उभे. पंपवाला चोरतो असं त्यांनी तीन महिने सगळ्यांना सांगितलं. शेवटी लक्षात आलं की डब्याचं बूड बाहेर फुगलं होतं, त्यात गॅलनाहून जास्त मावत होतं. शैलाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला हे हसत हसत सांगितलं. मी केळस्करांना विचारलं तर म्हणाले, "बूड पंपवाल्यानेच फुगवलं नसेल कशावरून?"

शैला हसून घ्यायची, म्हणून तो संसार चालला. मी तिला एकदा विचारलं, "काय गं, तुला पसंत करताना यांनी काय काय तपासलं?" तर म्हणाली, "पत्रिका. ज्योतिषाने जमत नाही म्हणून सांगितलं. यांनी गणित स्वतः पुन्हा मांडलं. तरी जमेना. मग म्हणाले, ज्योतिषाची मूळ पद्धतच चुकीची आहे, आणि लग्न केलं." म्हणजे मनात एखादी गोष्ट ठरली की हा माणूस हिशेबालाही वाकवू शकतो, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण तेव्हा मी फक्त खोखो हसले.

त्यांची एकुलती मुलगी नयना. इथेच जन्मलेली, चौदा वर्षांची, बापासारखीच उंच आणि बापासारखीच हट्टी. मराठी सगळं समजायचं, उत्तर बहुतेक इंग्रजीत. मला मात्र 'मावशी' म्हणायची. केळस्कर रोज सकाळी तिच्या सायकलचे ब्रेक दाबून बघायचे आणि ती रोज ओरडायची, "डॅड, स्टॉप चेकिंग!" या मुलीला घोड्यांचं वेड लागलं. आमच्याकडच्या इतर मुली भरतनाट्यम् शिकत होत्या, आणि ही गावाबाहेरच्या एका तबेल्यात शेण काढत होती. दोन वर्षं तिने ते काम केलं, आणि मग तिथलीच एक घोडी विकायला निघाली तेव्हा बापाकडे मागितली. घोडीचं नाव बिस्किट. केळस्कर तिला शेवटपर्यंत 'बिस्कूट' म्हणायचे.

घोडीची खरेदी बघायला मी मुद्दाम गेले होते. असा तमाशा चुकवायचा नसतो. विकणारा म्हणाला, घोडी नऊ वर्षांची आहे. केळस्करांनी लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं होतं की घोड्याचं वय दातांवरून कळतं. त्यांनी टेप काढली, घोडीचा जबडा उघडला आणि मान वाकडी करून आत बघत राहिले. घोडी बिचारी सोसत होती, पण शेवटी ती अशी काही शिंकली की केळस्करांचा चष्मा, मिशा, शर्ट, सगळं न्हाऊन निघालं. चष्मा पुसत ते म्हणाले, "अकरा. हा माणूस दोन वर्षं खातोय." जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं, तो म्हणाला नऊ. केळस्कर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दोघांची ओळख दिसते." पण घोडी घेतली. नयनाने तिच्या मानेला मिठी मारली होती आणि ती सोडत नव्हती, त्यापुढे त्यांची टेप चालली नाही.

पुढे तेलाचे भाव कोसळले. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना मी काय सांगणार? आमच्या गल्लीत एकेका महिन्यात तीन तीन घरांपुढे विक्रीची पाटी लागत होती. केळस्करांच्या कंपनीने अख्खा पंप विभागच बंद केला. चार महिने ते घरी होते, आणि मग दूर नॉर्थ कॅरोलिनात, कॅरी नावाच्या गावाजवळ, औषधं बनवणाऱ्या एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीचं काम मिळालं. शैलाने सुटकेचा नि:श्वास टाकला. नयनाने एकच प्रश्न विचारला, "अँड बिस्किट?"

आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो, म्हणून मला हे स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळालं. केळस्कर म्हणाले, "येणार."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस कसलं? खात्री."

जो माणूस उद्या सूर्य उगवण्याचीही खात्री देत नव्हता, तो हे बोलला. शैला माझ्याकडे बघायला लागली. नयना लहान असल्यापासून या शब्दाची घरातली किंमत ओळखून होती. ती उठली, बापाच्या डोक्यावर हनुवटी टेकून क्षणभर उभी राहिली आणि अभ्यासाला गेली.

आता घोडी नेणार कशी? असं काम करणारे लोक असतात, मोठ्या गाडीतून घोडे पोचवतात. केळस्करांना ते मंजूर नव्हतं. "रस्त्यात घोडी बदलून दुसरी आणून दिली तर?" त्यांनी एक जुना पिकअप ट्रक घेतला आणि घोड्याचा एक जुना ट्रेलर. मग पंधरा दिवस त्या चार घड्यांच्या कागदावर गणितं चालली. निष्कर्ष असा निघाला की ट्रक दिसायला दांडगा आहे पण ओढायला नालायक. मागच्या ॲक्सलमधलं, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आसातलं, गिअर बदलायला हवं. मला त्यांनी ते पोळपाटावर लाटणं फिरवून समजावलं. इंजिनाकडून मागे एक लांब दांडा येतो. या ट्रकमध्ये तो दांडा साधारण पावणेतीन वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. मोकळ्या रस्त्याला ते छान, पेट्रोल वाचतं. पण मागे जड काही बांधलं आणि चढ आला की इंजिनाला धाप लागते. तोच दांडा चार वेळा आणि वर थोडा फिरून चाक एकदा फिरेल असं गिअर बसवलं की वेग कमी होतो आणि ओढ वाढते. "जॉर्जियाच्या पुढे चढउतार आहेत, वहिनी. मागे जिवंत जनावर असणार. चढावर ट्रक थांबून मागे घसरला तर?"

हे काम कुणी करायचं, तर ओटिसने, असं मीच सुचवलं. म्हणजे पुढच्या सगळ्याला मी निमित्त आहे, हे कबूल केलेलं बरं. ओटिस हा रोझेनबर्गच्या रस्त्यावरचा म्हातारा मेकॅनिक. कमी बोलायचा, प्रत्येक बाईला 'मॅम' आणि प्रत्येक पुरुषाला 'सर' म्हणायचा, आणि आमच्या मराठी मंडळींच्या निम्म्या गाड्या त्याच्याकडे जायच्या. त्याने कधी कुणाला नसतं काम काढून दाखवलं नाही. केळस्कर म्हणाले, "इतका चांगला आहे? मग बघायलाच हवं."

मंगळवारी ओटिसने ट्रक परत दिला. जुनी काढलेली गिअरची चक्रं एका खोक्यात घालून दिली, कारण प्रामाणिक मेकॅनिक तसं करतात. केळस्करांनी मोठ्या आणि लहान चक्राचे दाते मोजले. एकेचाळीस आणि पंधरा. भागाकार बरोबर पावणेतीनच्या आसपास. मी म्हटलं, "झालं ना समाधान?" तर म्हणाले, "ही माझ्याच गाडीतली कशावरून? कुणाच्याही गाडीची काढलेली असतील." ॲक्सलवर ओटिसने नव्या गिअरचा छोटा पत्र्याचा बिल्ला लावला होता. "बिल्ला काय, मी तुमच्या फ्रिजवर पण लावून देईन." ट्रक घरी आणताना इंजिनाचा आवाज पूर्वीपेक्षा वाढल्यासारखा वाटला होता, कारण इंजिन आता जास्त फिरत होतं. त्यावरही त्यांचं उत्तर तयार होतं. "आवाज वाढवून देणं सोपं असतं. जोर आल्यासारखा वाटला पाहिजे ना गिऱ्हाइकाला."

बुधवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. "साक्षीदार लागतो." घराशेजारच्या पार्किंगमध्ये ट्रक उभा. केळस्करांनी जॅक लावून मागचं उजवं चाक उचललं, चाकावर खडूने एक रेघ मारली, खाली सरपटत जाऊन त्या लांब दांड्यावर एक रेघ मारली, आणि मला म्हणाले, "मी चाक हाताने बरोबर एक फेरी फिरवतो. तुम्ही वाकून दांड्यावरची रेघ किती वेळा खाली येते ते मोजा." मी साडी खोचून सिमेंटवर गुडघे टेकले. त्यांनी चाक फिरवलं. रेघ दोनदा आली आणि चिमूटभर पुढे गेली.

"किती?"

"दोन."

"नीट बघा, वहिनी."

पुन्हा फिरवलं. दोन. तिसऱ्यांदा ते स्वतः वाकले आणि मी चाक फिरवलं. दोनच. केळस्कर उठून उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो चोर अखेर सापडल्यासारखा तो चेहरा होता, आणि मला तो मुळीच आवडला नाही. "चार सांगितलं, दोन दिलं. होतं त्याहून वाईट बसवलं! आहे ना तुमचा ओटिस प्रामाणिक?"

मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मी स्वतः मोजलं होतं ना!

त्यांनी ओटिसला फोन लावला. पलीकडून तो शांतपणे म्हणत होता, गाडी घेऊन या सर, दोन मिनिटांत दाखवतो. "तो दाखवेल तेच दिसेल," म्हणून केळस्करांनी फोन ठेवला. निघायला दहा दिवस राहिले होते. दुसरा मेकॅनिक शोधायचा, त्याची खात्री करायची, सामान मागवायचं, एवढा वेळ कुठून आणणार? तासाभरात त्यांनी डॉटी नावाच्या एका बाईला फोन केला. तिचं मोठं कुरण होतं आणि तिने पूर्वी बिस्किटबद्दल विचारलं होतं. घोडी विकायची ठरली. गुरुवारी, नयना शाळेत असताना, डॉटीचा माणूस तबेल्यात येऊन बिस्किटला घेऊन गेला.

"तिच्यादेखत नेली असती तर तिला बघवलं नसतं," असं केळस्कर मला म्हणाले. खरं असेलही.

नयना रडली नाही. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली, आमच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, डॅड नेव्हर वॉन्टेड टु टेक हर. ही वॉज लुकिंग फॉर अ रीझन." मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस, मी स्वतः मोजलंय, दोनच आलं." ती म्हणाली, "यू काउंटेड. ही सेट इट अप."

माझ्या मनात पाल चुकचुकली. कॅरीला तबेले फार लांब आहेत, जनावराला नवी हवा मानवेल का, हे सगळं केळस्कर आठवडाभर बोलतच होते. पत्रिकेची ती गोष्ट पण आठवली. मला स्वतःची लाज वाटली, पण विचार जाईना.

शुक्रवारी आमच्या मराठी मंडळाचं जेवण होतं. केळस्करांनी तिथे ताट हातात घेऊन पाच-सात जणांना ओटिसची कथा ऐकवली, दोन बोटं वर करून. तीन घरांनी दुसऱ्या दिवशीची कामं कॅन्सल केली. आणि शनिवारी सकाळी ओटिसची गाडी केळस्करांच्या दारात येऊन थांबली.

तो भांडायला आला नव्हता. टोपी काढून त्याने शैलाला 'मॉर्निंग, मॅम' म्हटलं, गाडीतून मोठा जॅक आणि गाडीखाली टेकू द्यायच्या दोन लोखंडी घोड्या काढल्या, आणि केळस्करांना म्हणाला, "सर, माझ्याकडे माझं नाव सोडून फारसं काही नाही. मी हात लावणार नाही. तुम्हीच मोजा." मी पलीकडून धावत गेले. नयना दारातच उभी होती. ओटिसने ट्रकचं मागचं अंग उचललं, दोन्ही चाकं हवेत. मग म्हणाला, एका चाकाशी तुम्ही बसा, सर, आणि दुसऱ्याशी, मिस, तुम्ही. दोघांनी एकदम, एकाच वेगाने, एक पूर्ण फेरी.

बापलेक गुरुवारपासून एकमेकांशी बोललेले नव्हते. आता ते ट्रकच्या दोन बाजूंना उकिडवे बसले. मध्ये अख्खा ट्रक, एकमेकांना दिसत नव्हते. ओटिस म्हणाला, "नाऊ," आणि दोन्ही चाकं फिरायला लागली. मी पुन्हा गुडघ्यांवर. एक. दोन. तीन. चार. आणि चिमूटभर.

"चार," मी म्हटलं.

ओटिस सांगायला लागला की एक चाक जमिनीवर टेकलेलं असलं की, सर, निम्म्या फेऱ्या... पण त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच केळस्कर हळू आवाजात म्हणाले, "डिफरन्शियल." त्यांनी खडू खिशात ठेवायचा प्रयत्न केला आणि तो खाली पडला. मला नंतर शैलाने समजावलं. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी एक व्यवस्था ॲक्सलमध्ये असते. एक चाक धरून ठेवलं आणि दुसरंच फिरवलं की दांडा निम्माच फिरतो. चाराच्या जागी दोन. सांगलीला केळस्कर हेच चार वर्षं शिकवत होते, आणि दर वर्षी परीक्षेत हा प्रश्न घालायचे, कारण मुलं नेमकी इथेच चुकतात.

नयना ट्रकला वळसा घालून समोर आली. "यू टॉट धिस," ती म्हणाली. "तू मला पण सांगितलं होतंस, डॅड. विथ द लाटणं."

"मी विसरलो."

"यू डोन्ट फर्गेट थिंग्ज."

"नयना, मी खरंच विसरलो. मला फक्त तो चोर आहे की नाही एवढंच बघायचं होतं. दुसरं काही डोक्यात आलंच नाही."

"प्रूव्ह इट," ती म्हणाली आणि घरात निघून गेली.

काय सिद्ध करणार होता तो माणूस? दाते मोजता येतात. चाकावर रेघ मारता येते. मनात काय होतं ते कुठल्या जॅकवर उचलून दाखवायचं? पार्किंगच्या कडेला ते खालीच बसले. ओटिस त्यांच्या शेजारी थोडा वेळ उभा राहिला, मग आपलं सामान गाडीत भरायला लागला. केळस्कर उठले आणि त्याच्या मागे गेले. "मिस्टर ओटिस, आय वॉज राँग," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या तोंडून हे वाक्य कुठल्याही भाषेत मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. मग घरात जाऊन त्यांनी तिन्ही घरांना फोन केले. "ओटिसचं काम चोख आहे, मोजणारा गाढव होता," हे शब्द मी स्वतः ऐकले.

रविवारी ते डॉटीकडे निघाले तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, चला बरोबर." साक्षीदार लागतो असं या वेळी म्हणाले नाहीत. डॉटी कुंपणाला टेकून उभी होती. केळस्करांनी तिला सगळं सांगितलं, एक चाक, दोन फेऱ्या, सगळं, स्वतःला जराही न वाचवता. इतकं बारीक सांगितलं की ती बाई कंटाळली. म्हणाली, "मिस्टर, मला गिअरमधलं काही कळत नाही. तुमच्या मुलीला घोडी हवी आहे का?" केळस्कर म्हणाले, "येस." "मग घेऊन जा." त्यांनी तिचे पैसे परत केले आणि धन्यवाद देताना दोन्ही हात जोडले. परत येताना ट्रेलरमध्ये बिस्किट होती, आणि पुलाचा चढ ट्रक न कुरकुरता चढून गेला. दुसरी कुठली वेळ असती तर केळस्करांनी त्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. या वेळी त्यांनी सरळ तबेल्यात नेऊन घोडी सोडली आणि आम्ही घरी आलो.

मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. नयना तबेल्यात धावली, बिस्किटच्या मानेत तोंड खुपसून रडली, इतके दिवस आवरलेलं सगळं रडली. पण बापाशी बोलली नाही. नंतर शैलाने मला सांगितलं की ती एवढंच म्हणाली, "पकडला गेला म्हणून परत आणली."

पुढच्या शनिवारी सकाळी ते निघाले. मी डब्यात धपाटे घेऊन तबेल्यावर गेले. घोडी ट्रेलरमध्ये चढवून झाली होती. शैला मागे त्यांच्या लहान गाडीत स्टीअरिंगवर बसली होती. नयना ट्रकच्या मागे ओणवी होऊन जोड तपासत होती. पिन ओढून बघितली. साखळ्या ओढून बघितल्या. टायरमधली हवा मोजली, चारही. मग बापाला न बघता म्हणाली, "लेफ्ट सिग्नल." केळस्करांनी ट्रकमध्ये हात घालून सिग्नल लावला. ती मागे जाऊन बघून आली. "राइट." तो लावला. "ब्रेक." ते चढून ब्रेक दाबून बसले, ती म्हणेपर्यंत पाय काढला नाही. मग ट्रेलरच्या दाराची कडी तिने लावली, काढली, परत लावली.

केळस्कर खाली उतरून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, किती तपासतेय ही पोर! तुम्ही बघितलं असेल ना सगळं?"

"दोनदा बघितलंय. पण तिला बघू दे."

मग ते समोर बघतच म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही तिथे होतात. मी चाक उचललं तेव्हा माझा चेहरा तुम्ही बघत होतात. तुम्हाला काय वाटतं, मी मुद्दाम केलं?"

मला ताबडतोब 'नाही' म्हणायचं होतं. आज मला कुणी विचारलं तर मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगेन की नाही, तो माणूस खरं बोलत होता. चोर पकडायच्या नादात तो स्वतः शिकवलेला धडा विसरला, बस्स. हे कळायला मला वर्षं लागली. त्या सकाळी माझ्या डोळ्यांपुढे ती पत्रिका आली, कॅरीच्या तबेल्यांच्या तक्रारी आल्या, आणि मी गप्प राहिले. फार वेळ नाही. घोडीने ट्रेलरमध्ये एकदा पाय आपटला, तेवढाच.

"छे हो, काहीतरीच काय विचारता!" मी म्हणाले.

केळस्करांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. माझ्या हातातला धपाट्यांचा डबा त्यांनी घेतला, झाकण न उघडता आणि वास न घेता, आणि ट्रककडे गेले.

नयना आईच्या शेजारी जाऊन बसली. मी खिडकीशी गेले आणि म्हटलं, "जा ना गं पुढच्या गाडीत, बाबा एकटा आहे." ती म्हणाली, "मला मागून बघायचंय, मावशी."

ट्रक हळूहळू मोठ्या रस्त्याला लागला, त्याच्यामागे ट्रेलर, त्याच्यामागे लहान गाडी. रस्ता रिकामा होता. केळस्करांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागच्या गाडीला पुढे जायची खूण केली. गाडी पुढे गेली नाही. थोड्या अंतरावर त्यांनी पुन्हा हात दाखवला, पण ती मागेच राहिली. वळणापर्यंत मला दिसत होतं, नयना पुढे वाकून काचेतून ट्रेलरच्या कडीकडे बघत होती.